पाव आटा मागे

आग विझवणारा माणूस म्हटला की तो चपळच असणार, असं आपण धरून चालतो. हा गृहस्थ तसा नव्हता. सकाळी बुटाच्या नाड्या बांधायला बसला की तेवढ्यात बायकोची एक बाही शिवून व्हायची. जेवताना प्रत्येक घास असा चावायचा, की नंतर त्यावर कुणी परीक्षाच घेणार आहे. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहायचा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि तोवर पहिल्यांदा पाहिलेली गाडी आपलं काम उरकून परत आलेली असायची. बंबखान्यात त्याला सगळे सावकाश म्हणत. तरुण मंडळी मान ठेवून सावकाशराव म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. आला असता तरी तो यायला बराच वेळ लागला असता.

पण माणसावर अन्याय नको. आगीच्या जागी सावकाशच्या हातून कधी उशीर झाला नाही. बंबाच्या नळ्या तुकड्यातुकड्यांच्या असतात. आग जितकी आत, तितके तुकडे एकमेकांना जोडत न्यायचे. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पितळेची कपलिंग, तिला आटे, आणि एकीचे आटे दुसरीत फिरवत बसवायचे. घरी बसून हे सोपं वाटतं. हातात जाड मोजे, डोळ्यांत धूर, मागून साहेबांची हाक आणि पुढून कुणाचं तरी रडणं, अशात उतावळ्या हाताने कपलिंग जरा तिरकी धरली की आटा चुकतो. मग ती दीड फेरा जाते आणि अडकते. पुढे जात नाही, मागे येत नाही. सावकाशचा आटा कधी चुकला नाही, कारण तो कपलिंग सरळ धरल्याशिवाय फिरवायचाच नाही. घाई करणारे दोनदा करायचे, हा एकदाच करायचा.

त्या बंबखान्यात आणखी एक रीत होती. कपलिंग पूर्ण आवळायची, आणि मग पाव आटा मागे घ्यायची. याला ते ‘श्वास देणं’ म्हणत. तसं केलं नाही, तर पाण्याच्या दाबाने ओलं पितळ एकमेकांना असं धरून बसायचं, की आग विझल्यावर दमलेल्या हातांनी ते सुटत नसे. हातोडा आणावा लागे. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. जुना माणूस नव्याला शिकवायचा, आणि नवा विसरला तर त्याच्या बोटांवर पाना आपटायचा. सावकाशनेही पुष्कळ बोटांवर पाना आपटला होता. त्यातली सगळ्यांत जाड बोटं पैलवानाची. पैलवान म्हणजे त्याच्या तुकडीतला धिप्पाड, मनाचा साफ आणि उतावळा गडी. गुडघ्याला बाशिंग बांधणारा उतावळा नवरा कुणी प्रत्यक्ष पाहिला नसेल, तर त्याने पैलवानाला घंटा वाजल्यावर पाहावं.

एका दुपारी सुताराच्या दुकानाला आग लागली. गल्ली अरुंद, बंब कोपऱ्यावरच अडकला, नळ्या जोडत जोडत आत न्यायच्या होत्या. मधला जोड पैलवानाकडे होता. त्याचा आटा चुकला. सावकाश धावत मागे आला, कपलिंग सोडवायची खटपट केली, ती सुटेना, शेवटी तो तुकडाच काढून दुसरा आणावा लागला. पाणी पोचलं तेव्हा छप्पर खाली आलं होतं. कुणाला काही झालं नाही, एवढं बरं. सगळं विझल्यावर सुतार सावकाशजवळ आला, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुम्ही फार केलंत, आभारी आहे. त्याच्या पाठीमागे रंध्यांची नुसती पाती पडली होती; लाकूड कुठेच नव्हतं.

ते आभार सावकाशला पचले नाहीत. घरी आला, जेवायला बसला आणि घास हातात धरून राहिला. बायकोने विचारल्यावर म्हणाला,

“त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ज्याचं काही वाचलेलं असतं तो भांडतो, हे का भिजवलं, ते का फोडलं म्हणून. त्याच्याकडे भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं गं.”

त्याला लाज वाटली होती, आणि ती पैलवानाची नव्हती. माणसाचा हात घाईत चुकणारच; मग घाईत चुकेल अशी वस्तू त्याच्या हातात द्यायची कशाला, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला. शिरायला वेळ लागला, पण एकदा शिरल्यावर तो निघायचं नाव घेईना.

उपाय सापडला तो घरातच. बायको शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, आणि मशीनवर लोंबणारा दिवा. तो दिवा गेला म्हणून सावकाश स्टुलावर चढून नवा लावत होता. दाबला, जरासा फिरवला, बसला. त्याने तो काढला. पुन्हा दाबला, पुन्हा फिरवला. बायको खाली अंधारात सुईत दोरा धरून वाट पाहत होती. तिने बराच वेळ संयम ठेवला आणि मग विचारलं, की आज उजेड मिळणार आहे की उद्या.

अशा दाबून फिरवायच्या कपलिंगा जगात आणखी कुठे कुठे आहेत, हे त्याला माहीत होतं. पण त्या घ्यायच्या म्हणजे नळ्यांसकट सगळंच बदलायचं, आणि तेवढं करायला त्याचं खातं काही बसलं नव्हतं. त्याने वेगळं काढलं. जुन्या आट्यांवरच एकदा पितळेचं कडं घट्ट बसवून टाकायचं. एका कड्याला दोन खुंट्या, दुसऱ्याला दोन खाचा. दाबायचं, उजवीकडे पाव फेरा द्यायचा, झालं. सोडताना डावीकडे पाव फेरा. आटे चुकण्याचा प्रश्नच नाही, कारण आटे फिरवायचेच नाहीत.

बायकोच्या धाकट्या भावाचा लेथ होता. तो दाजींवर खूश होता, कारण त्याच्या ओळखीत न ओरडता काम सांगणारा हा एकच माणूस होता. गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून तो कडी कातून द्यायचा. पहिलं कडं गळलं. दुसरं बसलं ते सुटेना. तिसऱ्याची खुंटीच उडाली आणि शेजारच्या पत्र्यावर जाऊन वाजली. अशी वर्षं गेली. समोरच्या खोलीचा अर्धा भाग पितळेने भरला, कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्याला तेलाचा डाग पडला, आणि बायकोला तो सदरा नव्याने शिवून द्यावा लागला. तिने त्यावर भांडण काढलं नाही. तिने फक्त खडूने खोलीच्या मधोमध एक रेघ मारली.

शेवटी एक कडं असं जमलं, की सावकाशने स्वतः, आपल्या त्या जगप्रसिद्ध गतीने, बुटाची एक गाठ मारायला लागतो त्यापेक्षा कमी वेळात दोन नळ्या जोडल्या. साहेबांनी ते पाहिलं, मान हलवली आणि आपलं म्हणणं सांगितलं. वस्तू छान आहे. पण एका लेथवर हाताने केलेलं कडं मी बंबावर लावू देणार नाही, आणि माझ्या माणसांच्या हातातही देणार नाही. कुठल्या तरी कारखान्यात रीतसर बनवून आणा, मग लावू. साहेबांचं चूक नव्हतं. सावकाशलाही ते पटलं.

मग पैसा लावणारा माणूस शोधायची पाळी आली. सावकाशची इच्छा एकच होती. निवृत्त होऊन फाटकाबाहेर पडायच्या आधी आपली कपलिंग आपल्या बंबावर बसलेली पाहायची. निवृत्ती काही दूर नव्हती, आणि ती त्याच्यासारखी सावकाश येणार नव्हती. तो आणि मेव्हणा इस्त्रीचे कपडे घालून दारोदार हिंडले. एका श्रीमंत गृहस्थांनी दोन्ही कडी हातात घेतली, एकमेकांवर वाजवून पाहिली आणि हे बागेतल्या नळीला फार शोभून दिसेल असं सांगितलं. दुसऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आगी वाढण्याची काही लक्षणं आहेत का, म्हणजे खप वाढेल. सावकाशने त्या प्रश्नावर इतका वेळ विचार केला, की मेव्हण्यानेच त्याला दंड धरून बाहेर आणलं. तिसरे नात्यातले होते. त्यांनी जेवायला घातलं, आणि त्या विषयाला शेवटपर्यंत हात लागू दिला नाही.

राहिल्या नळवाल्या बाई. सासऱ्यांनी काढलेला नळांचा कारखाना त्या चालवत होत्या. बोलायच्या कमी. जिथे जातील तिथला नळ आधी फिरवून पाहायच्या. निरोप पाठवल्यावर त्या म्हणाल्या, मला कागदावर काही दाखवू नका, मी येऊन बघते. त्या सकाळी सावकाशच्या बायकोनेही आपलं म्हणणं सांगून टाकलं.

“ही शेवटची बाई. तिनं नाही म्हटलं तर पितळ बाहेर. मला कापड पसरायला जागा नाही हो.”

सावकाशने मान डोलावली. बोलून चालून खोली तिची होती. घर अर्धं तिच्या मशीनवरच उभं होतं.

बाई बंबखान्यात आल्या त्या थेट हात धुवायच्या जागेकडे गेल्या. तिथला नळ ठिबकत होता. त्यांनी तो आवळून पाहिला, तरी ठिबकला, तेव्हा नाराजीने मान हलवून त्या अंगणात आल्या. नळ्या अंथरलेल्या होत्या, बंबाचा पंप तयार होता, साहेब नवी टोपी घालून उभे होते. मेव्हण्याने बहिणीने शिवलेला ठेवणीतला सदरा घातला होता. सावकाशने कडी जोडली, पाणी सोडलं, नळी फुगली, थेंबही गळला नाही. मेव्हण्याने सुस्कारा टाकला.

बाईंनी मात्र हात वर केला. “हे तुम्ही केलंत. ज्यानं बनवलं त्याच्या हातात सगळंच चालतं. ज्यानं आजवर याला हात लावला नाही, तो करू दे.”

साहेबांनी त्या दिवसापुरती परवानगी दिली. सावकाशने पैलवानाला बोलावलं. मोजे चढवले, कसं दाबायचं आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. खरी आग समजून कर म्हणून साहेबांनी घंटा वाजवली. पैलवान झेपावला. दाबलं, फिरवलं, बसलं. इतकं झटपट झालं की बाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्याच झपाट्यात त्याच्या हाताने पाव फेरा मागे घेतला, आणि त्याने पंपाकडे पाहून आरोळी दिली.

पुढे काय झालं ते बंबखान्यात अजून सांगतात. नळी सुटली, उसळली, आणि तिने अंगणात कुणालाही वगळलं नाही. साहेबांची टोपी गटाराच्या दिशेने निघाली. मेव्हण्याचा ठेवणीतला सदरा अंगाला चिकटला. बाई नखशिखान्त भिजल्या आणि होत्या तिथेच उभ्या राहिल्या. पंप बंद झाल्यावर ऐकू आलं ते फक्त हात धुवायच्या जागेचं ठिबकणं.

सावकाशला राग आला. त्या दिवशी तो अगदी वेळेवर आला.

“अरे, मागे कशाला फिरवलंस?”

“श्वास दिला,” पैलवान म्हणाला.

“कुणी सांगितलं तुला श्वास द्यायला?”

पैलवानाने पाणी निथळत त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. “तुम्हीच, सावकाशराव. मी नवा होतो तेव्हा. दिला नाही म्हणून बोटांवर पाना मारला होतात.”

सावकाशने मोजे चढवले, नळी उचलली आणि म्हणाला की बघ, असं करायचं असतं. साहेबांना घंटा वाजवायला सांगितली. घंटा वाजली. त्याने दाबलं, फिरवलं, आणि त्याच्याच हाताने, त्याला न विचारता, पाव फेरा मागे घेतला. कपलिंग सुटून त्याच्या बुटावर पडली. लेथजवळ शांतपणे शेकडो वेळा जोडणारा हात बनवणाऱ्याचा होता. घंटेनंतर जोडणारा हात बंबवाल्याचा होता, आणि त्या दोघांची आजवर गाठच पडली नव्हती.

बाई बाही पिळत होत्या. त्यांचा सूर रागाचा नव्हता. “वस्तू चांगली आहे हो. पण वापरणारे हात हे असे आहेत, आणि हात काही मला कारखान्यात बनवता येत नाहीत. दोघांचं जमलं की बोलवा.”

हे ‘हो’ समजावं की ‘नाही’, ते सावकाशला कळेना. त्याने घरी तसंच सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि पितळेसाठी पोतं काढून ठेवलं. पण बाहेर टाकायची घाई मात्र तिने केली नाही.

आता हातांना वळण लावायचं असं त्याने ठरवलं. साहेबांनी हुकूम काढला, की यापुढे श्वास द्यायचा नाही. रोज सकाळी तुकडी अंगणात उभी राहून मागे न फिरवण्याचा सराव करू लागली. वरवर सगळे शिकले. घंटा वाजवली की सगळे पुन्हा मागे फिरवायचे. मग एकदा कचऱ्याच्या ढिगाला आग लागल्याची वर्दी आली. बंबावर अजून जुन्याच नळ्या होत्या, आणि नेमका त्या वेळी सगळ्यांना नवा हुकूम आठवला. कुणी श्वास दिला नाही. आग विझली, पण कपलिंगा एकमेकींना असं घट्ट धरून बसल्या, की जोडलेली अख्खी नळी खांद्यांवर घेऊन तुकडी वरातीसारखी बंबखान्यात आली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपण सहज म्हणतो. बंबवाल्यांवरच ते म्हणायची पाळी आली म्हणजे काय झालं असेल बघा. साहेबांनी हुकूम मागे घेतला. सावकाशनेही मनातल्या मनात हार मानली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो समोरच्या खोलीत खडूच्या रेघेपलीकडे बसून पितळ पोत्यात भरत होता. एकेक कडं उचलायचं, पुसायचं, पाहायचं, मग आत ठेवायचं. या गतीने पोतं भरायला आठवडा गेला असता. खिडकीशी बायको बाही शिवत होती. मशीन सरळ धावत शिवणीच्या टोकाशी आलं. तिने खटका दाबला, मशीन दोन-तीन टाके उलटं मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, आणि तिने दोरा तोडला. ती हे लग्नाआधीपासून करत होती, आणि तो लग्नापासून पाहत होता. आज त्याने कडं हातातच धरून विचारलं,

“तू ते मागे का घेतेस गं?”

तिने चष्म्यावरून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न आत्ता कसा सुचला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“मागे घेतल्याशिवाय शिवण पक्की होते का? नुसतं पुढे नेऊन सोडलं तर उसवतं.”

त्याने कडं खाली ठेवलं. तिने दुसरी बाही घेतली, जोडली, टोकाशी आली, मागे घेतलं, दोरा तोडला. तिसरं काही घेणार तोच तो म्हणाला, “म्हणजे मागे घ्यायचं ते सोडायला नाही. पक्कं करायला.”

“मग मी काय सांगतेय मघापासून?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सावकाश उठला. एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची राहिली, आणि तो तसाच रस्त्यावर आला आणि चक्क धावत सुटला. गल्लीतल्या लोकांनी त्याला आगीशिवाय धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घराघरांतून बाहेर येऊन धूर कुठे दिसतो का ते पाहिलं.

मेव्हण्याने ऐकलं, डोकं खाजवलं आणि लेथ चालू केला. खाच होती तशीच ठेवली. फक्त तिच्या टोकाला मागे वळणारं एक शेपूट काढलं. कपलिंग दाबून पुढे फिरवली आणि पाव फेरा मागे घेतली, की खुंटी त्या शेपटात जाऊन टक् करून बसायची. आत एक स्प्रिंग टाकली. ज्याला श्वास द्यायची सवय नाही, त्याने हात सोडला तरी स्प्रिंगच ते कडं मागे ओढायची. सुटायची ती फक्त दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून, आणि आत पाणी असताना तसं दाबणं पैलवानालाही शक्य नव्हतं. त्याने करून पाहिलं, आणि त्याची मान दोन दिवस धरली.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा स्वच्छ ऊन होतं आणि त्यांच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट होता. साहेबांनी काही तरी काम काढून बंबाच्या मागची जागा धरली. घंटा वाजली. पैलवान झेपावला, दाबलं, फिरवलं, आणि सवयीने पाव फेरा मागे. टक्. पाणी आलं. नळी फुगून ताठ झाली आणि जागची हलली नाही. सावकाशने केलं, टक्. मग बाईंनी पाणी बंद करायला लावलं, नळ्या सोडवून घेतल्या, आणि रेनकोटच्या बाह्या सरसावून स्वतः जोडल्या. त्यांना श्वासबिस काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फिरवून हात काढला, आणि कडं आपलं आपण मागे आलं. त्यांनी जोडाला धरून ओढलं, हिसके दिले, शेवटी सगळा भार टाकून लोंबकळून पाहिलं.

“करू,” त्या म्हणाल्या. “पण आधी तो नळ बदला. मला तिथे उभं राहवत नाही.”

व्यवहाराचं बोलणं बाई, मेव्हणा आणि बायको अशा तिघांत झालं. सावकाशला त्यातलं एवढंच समजलं, की सगळ्यांचं नीट होणार आहे आणि समोरची खोली मोकळी होणार आहे. कपलिंगवर काय छापायचं याबद्दल मात्र फार मतं पडली. मेव्हण्याला लेथचं नाव हवं होतं. पैलवानाचं म्हणणं, की खरी चूक त्याने काढली, तेव्हा नाव त्याचं. बाईंनी काहीच नाव छापलं नाही. मागे वळलेला एक लहानसा बाण तेवढा उमटवला.

कारखान्यातून पहिली खोकी आली, साहेबांनी एकेक कपलिंग तपासून घेतली, आणि सावकाशच्या निवृत्तीला अजून थोडा अवकाश असतानाच ती बंबावर बसली. ती बसवायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्यामुळे अर्थातच त्याला भरपूर वेळ लागला.

मग गादीवाल्याच्या दुकानाची वर्दी आली. दिवसाढवळ्या, बाजाराच्या वेळी. गल्ली तशीच अरुंद, बंब तसाच कोपऱ्यावर अडकलेला. आतल्या खोलीत कापसाने पेट घेतला होता आणि बाहेरच्या खोलीत गाद्या आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या. सावकाश पंपाशी होता. त्याने पाहिलं, पैलवान आणि मंडळी नळ्या घेऊन गल्लीत शिरली. टक्, टक्, टक्, असं लांब लांब जात ऐकू आलं, आणि पाठोपाठ पैलवानाची आरोळी. सावकाशला क्षणभर खरं वाटेना. इतकी वर्षं या आरोळीआधी जो जीव टांगणीला लागायचा, त्याला या वेळी टांगायला वेळच मिळाला नाही. त्याने पाणी सोडलं.

आग आतल्या खोलीतच अडली. सगळं निवल्यावर सावकाश गल्लीतून चालत दुकानाशी आला, तर दारात गादीवाला कमरेवर हात ठेवून उभा. त्याचा चेहरा लाल झाला होता. ही काय पद्धत झाली, तो म्हणत होता. एवढं पाणी कुणी मारतं का. या सगळ्या गाद्या लग्नाघरच्या होत्या, आता त्या वाळवायच्या कुठे, आणि उशा, उशांचं काय, आणि हे दार तुम्ही लाथ मारून उघडलंत, ते नुसतं लोटलेलं होतं. डोळे नव्हते का तुम्हाला.

पैलवान उत्तर द्यायला पुढे सरसावला. सावकाशने त्याच्या दंडावर हात ठेवला.

“बोलू दे रे त्याला.”

आणि तो तिथे उभा राहून ऐकत राहिला. गादीवाल्याने प्रत्येक गादीबद्दल वेगळं सांगितलं. सावकाशने एकही वगळू दिली नाही. मधेच तो थांबला तर, आणि त्या कोपऱ्यातल्या, असं विचारून त्याला पुढे चालू करून दिलं. पैलवानाला वाटलं, सावकाशरावांच्या डोक्यात धूर गेला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

घरी पोचला तेव्हा समोरच्या खोलीत बायको लांबरुंद कापड पसरून बसली होती. खडूची रेघ पुसली गेली होती. कापड सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर तिने जुनी फसलेली पितळी कडी ठेवली होती. पोतं तिने फेकलं नव्हतंच. तिने त्याचे ओले कपडे पाहिले आणि काय झालं म्हणून विचारलं.

“आज शिव्या खाल्ल्या,” तो म्हणाला.

तिची सुई थांबली. सुताराच्या दिवशीचा तो हातातला घास तिला आठवत होता.

“पोटभर?”

“पोटभर.”

ती हसली आणि तिने मशीन सुरू केलं. तो स्टुलावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. तिची एक बाही होऊन दुसरी निम्मी झाली, तरी त्याचा पहिला बूट निघायचा होता.